पिएरो स्राफा: मुसोलिनीच्या काळातली पत्रं आणि एका अर्थतज्ज्ञाची जडणघडण

तळटीप

अर्थशास्त्र शिकलेल्यांना पिएरो स्राफा हे नाव एका बारीकशा पुस्तकामुळे माहीत असतं. 'प्रॉडक्शन ऑफ कमॉडिटीज बाय मीन्स ऑफ कमॉडिटीज' हे ते पुस्तक, १९६० साली आलेलं, पानं शंभराच्या आत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तोच माणूस इटलीतला कम्युनिस्ट नेता अंतोनिओ ग्रामची याच्या चरित्रात ओझरता भेटतो, तुरुंगात पुस्तकं पाठवणारा मित्र म्हणून. एक स्राफा या कपाटात, दुसरा त्या कपाटात, अशीच आपली वाटणी झालेली असते. मला हे दोघे एकत्र वाचायचे आहेत, म्हणून हा धागा.

स्राफाचा जन्म १८९८ चा, तोरिनोचा. वडील आंजेलो स्राफा व्यापारी कायद्याचे नामांकित प्राध्यापक, पुढे मिलानच्या बोकोनी विद्यापीठाचे प्रमुख. शाळेत साहित्य शिकवायला उंबेर्तो कोस्मो नावाचे शिक्षक होते. हेच कोस्मो विद्यापीठात ग्रामचीलाही शिकवत. त्यांनी १९१९ मध्ये दोघांची गाठ घालून दिली. ग्रामची सार्डिनिया बेटावरच्या गरीब घरातला, पाठीला कुबड, तब्येतीने कायमचा नाजूक. तो 'लोर्दिने नुओव्हो' हे कामगारांचं साप्ताहिक चालवत होता आणि स्राफा त्यासाठी भाषांतरं करून देत असे. १९२० मध्ये स्राफाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक लुइजी एइनाउदी यांच्या हाताखाली प्रबंध केला. विषय होता महायुद्धाच्या काळातली आणि नंतरची इटलीतली चलनवाढ. मग लंडन, आणि १९२१ मध्ये केंब्रिजचा अर्थतज्ज्ञ केन्स याच्याशी ओळख.

हुकूमशाहीशी त्याची पहिली टक्कर झाली ती बँकांवरच्या एका लेखामुळे. केन्सच्या सांगण्यावरून त्याने इटलीतल्या बँकांच्या संकटावर लिहिलं. एक लेख १९२२ च्या जूनमध्ये 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये आला आणि दुसरा डिसेंबरमध्ये 'मँचेस्टर गार्डियन'च्या पुरवणीत. बँका, उद्योगपती आणि सरकार यांचं साटंलोटं कसं चालतं, ते त्यात आकड्यांनिशी होतं. मुसोलिनीला पंतप्रधान होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्याने थेट आंजेलो स्राफांना तार केली: मुलाला हे जाहीरपणे मागे घ्यायला लावा. वडिलांनी कळवलं की लेखात माहीत असलेल्या गोष्टीच मांडल्या आहेत, त्यात मागे घेण्यासारखं काही नाही. बाप म्हणून आणि प्राध्यापक म्हणूनही हे उत्तर मला फार मोठं वाटतं. त्या वेळी मुलगा चोवीस वर्षांचा होता. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२३ मध्ये, केन्सच्या आमंत्रणावरून तो इंग्लंडला निघाला, तर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याला देशात पाऊल ठेवू दिलं नाही. म्हणजे मायदेशी मुसोलिनीचा रोष आणि बाहेर दार बंद. ती बंदी १९२४ मध्ये उठली.

याच काळातलं एक पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९२४ च्या एप्रिलमध्ये ग्रामचीने आपल्या 'लोर्दिने नुओव्हो'मध्ये स्राफाचं खाजगी पत्र छापलं, पूर्ण नाव न देता, आणि खाली स्वतःचं उत्तर जोडलं. स्राफाचं म्हणणं थोडक्यात असं: आज कामगारापुढचा तातडीचा प्रश्न स्वातंत्र्याचा आहे, क्रांतीचा नंतर. संघटना मोडल्या गेल्या आहेत, सभा घेता येत नाहीत. अशा वेळी फासिझमला विरोध करणारे उदारमतवादी पक्षही हवेत, त्यांना शत्रू म्हणून चालणार नाही. ग्रामचीने ते खोडून काढलं. हा लोकशाहीवादी बुद्धिजीवींच्या जुन्या विचारांचा अवशेष आहे, असा त्याच्या उत्तराचा सूर. आणि तोच ग्रामची १९३७ मध्ये, मरणाच्या उंबरठ्यावर, स्राफाजवळ कम्युनिस्ट पक्षासाठी निरोप देतो की इटलीत आघाडीची घोषणा संविधान सभेची असली पाहिजे, म्हणजे सगळ्या फासिस्टविरोधकांना एकत्र येता येईल अशी मागणी. मधली तेरा वर्षं या दोघांच्या डोक्यात काय चाललं होतं, त्याचा माग पत्रांमधूनच काढावा लागतो.

८ नोव्हेंबर १९२६ ला ग्रामचीला रोममध्ये अटक झाली. तो खासदार होता, पण त्या संरक्षणाला काही किंमत उरली नव्हती. आधी उस्तिका बेटावर स्थानबद्धता. तिथून तो स्राफाला थेट लिहू शकत होता आणि डिसेंबर १९२६ ची ती पत्रं उपलब्ध आहेत. स्राफा तेव्हा सार्डिनियातल्या काल्यारीला प्राध्यापक होता. त्याने मिलानच्या स्पर्लिंग अँड कुप्फर या पुस्तकांच्या दुकानात ग्रामचीच्या नावाने खातं उघडलं: लागतील ती पुस्तकं मागव, बिल मी भरीन, मर्यादा नाही. पुढे जगभर गाजलेल्या 'तुरुंगातल्या वह्या' याच खात्यावर आलेल्या पुस्तकांच्या आधाराने लिहिल्या गेल्या.

आता माझं म्हणणं. १९२६ च्या डिसेंबरमध्ये 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये स्राफाचा तो प्रसिद्ध लेख आला, ज्याने केंब्रिजचा अर्थतज्ज्ञ मार्शल याच्या तेव्हा रूढ असलेल्या किंमत-सिद्धांताच्या पायालाच हात घातला. १९२७ मध्ये केन्सने त्याला केंब्रिजला बोलावून घेतलं. त्यानंतर या माणसाने स्वतःच्या नावाने जवळजवळ काही छापलं नाही. लोक म्हणतात आळशी, लाजाळू, अतिचिकित्सक. मला वाटतं, ही सगळी वर्षं तो एका वेगळ्याच प्रकारचं लेखन करत होता. ते सेन्सॉरच्या नजरेखालून जाणारं होतं, तिसऱ्याच माणसाच्या नावाने जाणारं होतं, आणि एखादा शब्द जास्त झाला तर मित्राच्या जिवावर बेतणारं होतं. अशा पत्रव्यवहारात दहा वर्षं घालवलेल्या माणसाचं वाक्य बदलतं. १९६० च्या पुस्तकात एकही फालतू शब्द नाही, याचं मूळ मला तिथे दिसतं.

जाणकारांनी भर घालावी, आणि पटत नसेल तर तसंही सांगावं.

कृष्णाकाठ

उत्तम धागा. ग्रामचीच्या वह्यांबद्दल थोडं वाचलं होतं, पण हे खातं प्रकरण माहीत नव्हतं. एक विचारायचं होतं. उस्तिकानंतर दोघांना थेट पत्रं का लिहिता आली नाहीत? आणि मग पत्रं जायची कशी?

तळटीप

@कृष्णाकाठ, जून १९२८ मध्ये विशेष न्यायालयाने ग्रामचीला २० वर्षं, ४ महिने आणि ५ दिवसांची शिक्षा दिली. या माणसाचा मेंदू वीस वर्षं बंद पाडला पाहिजे, असं सरकारी वकील म्हणाल्याचं सांगितलं जातं. त्यानंतर त्याला बारीजवळच्या तुरीच्या तुरुंगात नेलं, कैदी क्रमांक ७०४७. तिथे पत्र फक्त नातेवाइकांना लिहायची मुभा, तीही सुरुवातीला पंधरवड्यातून एक. प्रत्येक पत्र तुरुंगाधिकारी वाचणार. वहीत लिहायची परवानगी मिळाली १९२९ मध्ये. पहिल्या वहीवर ८ फेब्रुवारी १९२९ ही तारीख आहे. वह्यांवर तुरुंगाचा शिक्का असे, म्हणजे एखादं पान गुपचूप बाहेर जाऊ नये.

ग्रामचीची बायको जूलिया मॉस्कोत, दोन लहान मुलं तिच्याजवळ. इटलीत होती ती मेव्हणी, तातियाना शुख्त. तिला तो नातेवाईक म्हणून लिहू शकत होता. तातियाना त्याच्या पत्राची हाताने नक्कल करून केंब्रिजला स्राफाला पाठवायची. स्राफा ती पॅरिसमधल्या पक्षाच्या केंद्राकडे, म्हणजे पक्षाचा नेता तोल्याती याच्याकडे, पोचवायचा. उलट दिशेनेही तीच वाट. स्राफाला ग्रामचीला काही विचारायचं असेल तर तो तातियानाला लिहायचा, आणि ती ते आपल्या पत्रात घरगुती मजकुरात गुंफायची. स्राफाची तातियानाला लिहिलेली पत्रं त्याच्या मृत्यूनंतर, १९९१ मध्ये पुस्तकरूपात आली. तोवर त्याचा वाटा किती मोठा होता हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

एक नमुना देतो. १९३२ च्या वसंतात इटालियन तत्त्वज्ञ क्रोचे याचं युरोपच्या इतिहासावरचं पुस्तक आलं. ग्रामचीची प्रकृती ढासळलेली, कामात मन लागत नव्हतं. स्राफाने तातियानाला सुचवलं की त्याला या पुस्तकाबद्दल लिहायला सांग. एप्रिल ते जून ग्रामचीने पत्रांमागून पत्रं लिहिली. क्रोचेने आपला इतिहास १८१५ पासूनच का सुरू केला, फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियन वगळून युरोपचा इतिहास कसा लिहिता येतो, हे प्रश्न त्यात आहेत. धुरीणत्वाची (हेजिमनी, म्हणजे नुसत्या बळाने नव्हे तर लोकांची संमती मिळवून टिकणारं वर्चस्व) त्याची कल्पना या पत्रांत फार स्वच्छ उतरली आहे, वह्यांपेक्षाही सुबोध. एका अर्थतज्ज्ञाने आजारी मित्राला गृहपाठ दिला, त्यातून हे आलं.

मेघना_क

तातियानाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. या सगळ्या व्यवहारात सगळ्यात जास्त शारीरिक कष्ट तिचे आहेत. ती स्वतः आजारी असायची, रोममध्ये नोकरी करायची, शिवाय रोमहून इटलीच्या पार दक्षिणेला तुरीला भेटीसाठी जायची. लोकरीचे कपडे, औषधं, पुस्तकांच्या याद्या, डॉक्टरांचे अर्ज आणि वर या नकला. ग्रामची तिच्यावर वैतागतो, टोचून बोलतो. आपल्याला न विचारता तू अर्ज का केलेस, असा तिला फैलावर घेतो. तरी ती थांबत नाही. ग्रामचीच्या मृत्यूनंतर वह्या ताब्यात घेऊन त्या सुरक्षित मॉस्कोला पोचवण्यामागेही तीच होती.

आपण 'स्राफा आणि ग्रामची यांचा पत्रव्यवहार' म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात कागदावर अक्षर असतं ते तातियानाचं. स्राफाला याची जाण होती. त्याच्या पत्रांत तिच्याबद्दल कमालीचं अदबशीर, काळजीचं बोलणं आहे. सुट्टीत इटलीला आला की तो तिला भेटायचा आणि पुढे काय करायचं ते दोघं मिळून ठरवायचे.

जुना वाचक

धागा आवडला. पण तळटीप यांच्या मुख्य म्हणण्याशी मी पूर्ण सहमत नाही.

पहिलं कारण तारखांचं. स्राफाने १९६० च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच सांगितलं आहे की मधल्या कल्पना विसाच्या दशकाच्या शेवटी आकाराला आल्या होत्या. सुरुवातीचा मसुदा केन्सने १९२८ मध्ये वाचला होता आणि एक सूचनाही केली होती: उत्पादनाच्या प्रमाणाबद्दल तुम्ही काहीच गृहीत धरत नसाल, तर वाचकाला तसा ठळक इशारा द्या. म्हणजे गाभा तुरीच्या पत्रव्यवहाराच्या आधीचा.

दुसरं, केंब्रिजला तो जे गप्प बसला त्याला स्वभावही कारणीभूत होता. व्याख्यानं द्यायला त्याला अक्षरशः नको व्हायचं. काही वर्षांतच त्याने शिकवणं सोडलं आणि केन्सने त्याला मार्शल ग्रंथालय आणि संशोधक विद्यार्थ्यांची देखरेख असं काम काढून दिलं. मूल्याचा सिद्धांत शिकवता शिकवता, आपण जे सांगतोय ते आपल्यालाच पटत नाही, हे त्याला जाणवत होतं. अशा माणसाच्या मौनाला तुरुंगाच्या सेन्सॉरची गरज नाही.

शैलीवर परिणाम झाला असेल. विचारावर झाला, हे मात्र दाखवून द्यावं लागेल.

रानवारा

मी विज्ञान शाखेचा माणूस, अर्थशास्त्राचा गंध नाही. त्या शंभर पानांत एवढं काय आहे, ते कुणी साध्या भाषेत सांगेल का? नाहीतर ही चर्चा माझ्या डोक्यावरून जाईल.

जुना वाचक

@रानवारा, तुम्हाला तर सोपं जाईल. पुस्तकातलं पहिलंच उदाहरण घ्या. एका समाजात दोनच वस्तू तयार होतात, गहू आणि लोखंड. मजुरांचं खाणंपिणं त्या वापरातच धरलेलं आहे.

२८० क्वार्टर (धान्याचं जुनं इंग्रजी माप) गहू आणि १२ टन लोखंड वापरून ४०० क्वार्टर गहू पिकतो.
१२० क्वार्टर गहू आणि ८ टन लोखंड वापरून २० टन लोखंड तयार होतं.

बेरीज करा. वापरलेला गहू ४००, पिकलेला ४००. वापरलेलं लोखंड २०, तयार झालेलं २०. वरकड काही नाही. आता पुढच्या वर्षी हेच चक्र पुन्हा चालायचं तर शेतकऱ्याला १२ टन लोखंड हवं आणि लोहाराकडे १२० क्वार्टर गहू यायला हवा. म्हणून १ टन लोखंडाला १० क्वार्टर गहू हाच भाव बसतो, दुसरा बसूच शकत नाही.

इथे मागणीचा वक्र नाही, ग्राहकाला किती समाधान मिळालं हा प्रश्न नाही. उत्पादनाची पद्धत माहीत असली की भाव निघाला. पुढे तो वरकड आणतो, म्हणजे वापरल्यापेक्षा जास्त उत्पन्न, आणि तिथे खरी मेख आहे. तो वरकड मजुरी आणि नफा यांत कसा वाटायचा, हे बाहेरून ठरल्याशिवाय भाव ठरत नाहीत. नफ्याचा दर म्हणजे भांडवलाच्या उत्पादकतेचं बक्षीस, ही पाठ्यपुस्तकातली समजूत त्याने अशी मोडली. भांडवलाची एकूण रक्कम मोजायलाच भाव लागतात, आणि भाव नफ्याच्या दरावर अवलंबून. मग त्याच रकमेने नफ्याचा दर कसा समजावून सांगणार?

गणितात त्याला फ्रँक रॅम्झी, अ‍ॅलिस्टर वॉटसन आणि बेसिकोविच या तिघांची मदत झाली, आणि त्याने प्रस्तावनेत तिघांचे आभार मानले आहेत.

रानवारा

धन्यवाद, हे तर एकसामयिक समीकरणं निघाली! आता कळलं. वाटणी गणिताच्या बाहेर ठरते, म्हणजे ती समाजातल्या ताकदीवर ठरते, असं म्हणता येईल का?

जुना वाचक

त्याने तसं लिहिलेलं नाही. नफ्याचा दर बाहेरून ठरतो म्हणताना त्याने व्याजदरांकडे बोट दाखवलं आहे. पण तुम्ही म्हणता ते दार पुस्तकाने उघडं ठेवलं आहे, आणि त्याच्या बऱ्याच वाचकांनी त्यातून आत पाऊल टाकलं.

शेषराव_लातूर

माझे थोरले काका आणीबाणीत मिसाखाली आत होते. घरी येणाऱ्या पत्रांत आईच्या गुडघ्याची चौकशी, पावसाची चौकशी, म्हशीची चौकशी. आजोबांना त्यातून सगळं कळायचं, आम्हा पोरांना काही नाही. पत्र वाचणारा तिसरा माणूस आहे हे माहीत असलं की घरचीच माणसं किती वेगळी लिहायला लागतात, ते मी जवळून पाहिलंय. म्हणून जुना वाचक यांचा आक्षेप समजला तरी माझं मन तळटीप यांच्या बाजूने झुकतं.

विचारायचं हे की, अशा चालीत संशयही शिरतोच. ग्रामचीला स्राफावर कधी संशय आला का? शेवटी तो पक्षाकडे नकला पाठवत होता.

तळटीप

शेषरावजी, प्रश्न नेमक्या जागी लागलाय.

१९२८ च्या फेब्रुवारीत, खटल्याच्या आधी, ग्रामची मिलानच्या तुरुंगात असताना त्याला पक्षाचा नेता रुग्गेरो ग्रिएको याचं एक पत्र आलं. पत्रात राजकीय गप्पा होत्या आणि त्यावरून ग्रामची पक्षात किती वरचा आहे हे उघड होत होतं. तपास करणारा न्यायाधीश ते पत्र दाखवून त्याला म्हणाला की तुम्ही बराच काळ आत राहावं असं वाटणारे तुमचे मित्र दिसतात. हा काटा ग्रामचीच्या मनातून गेला नाही. ५ डिसेंबर १९३२ च्या पत्रात तो तातियानाला हे सगळं पुन्हा सांगतो: हा निव्वळ बेजबाबदारपणा होता, की त्याहून वाईट काही?

तातियानाने ते स्राफाला कळवलं. स्राफाने ते पत्र म्हणजे केवळ अविचार होता, असं ठामपणे मांडलं. इथे त्याची दुहेरी भूमिका दिसते. तो ग्रामचीचा मित्र आहे आणि पक्षाचा निरोप्याही आहे. दोन्ही बाजूंना जे माहीत नाही ते याला माहीत आहे. तो स्वतः पक्षाचा सभासद कधीच नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं. मला त्याच्यावर आरोप करावासा वाटत नाही. ग्रामचीला पक्षावरच शंका घ्यायला लावून तुरुंगात एकटं पाडणं त्याला परवडणारं नव्हतं. पण हा निर्णय त्याने किती सहज घेतला, की रात्र रात्र जागून घेतला, याचा त्याच्या संयमी पत्रांतून पत्ता लागत नाही.

बाकी त्याने काय काय केलं ते पाहा. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन'ला निनावी पत्र लिहून ग्रामचीचे तुरुंगात काय हाल होतायत ते जगापुढे आणलं. नात्यातले मारियानो दामेल्यो इटलीतल्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख होते. त्यांच्यामार्फत अर्जविनंत्या केल्या. १९३३ मध्ये बाहेरच्या डॉक्टरला, आर्कांजेली यांना, ग्रामचीला तपासू दिलं गेलं. त्यांनी लिहून दिलं की या परिस्थितीत हा माणूस फार काळ जगणार नाही. तो अहवाल परदेशात छापून आला, ओरड झाली, आणि वर्षाच्या शेवटी ग्रामचीला फॉर्मियाच्या दवाखान्यात हलवलं गेलं. स्राफा त्याला तिथे १९३५ च्या जानेवारीच्या सुरुवातीला भेटू शकला, नंतर रोमच्या क्विसिसाना दवाखान्यातही. शेवटची भेट मार्च १९३७ ची. २१ एप्रिलला शिक्षा संपली आणि २७ एप्रिलला ग्रामची गेला, ४६ व्या वर्षी.

आणि स्वातंत्र्याच्या देशातही स्राफाच्या वाट्याला काय आलं? १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर इंग्रजांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनवर कैदेत टाकलं. केन्सने खटपट करून सोडवलं. इटलीचं नागरिकत्व त्याने तरीही सोडलं नाही.

पारिजातक

याच संदर्भात स्राफाचे प्रबंध-मार्गदर्शक एइनाउदी यांच्याबद्दल थोडं. त्यांचा स्नेही एर्नेस्तो रोस्सी हाही अर्थशास्त्राचा शिक्षक. त्याला १९३० मध्ये अटक झाली, शिक्षा वीस वर्षांची. एइनाउदी त्याला तुरुंगात पुस्तकं पाठवत आणि पत्रांतून अर्थशास्त्रावर वाद घालत. रोस्सीला पुढे व्हेंतोतेने बेटावर स्थानबद्ध केलं. तिथे १९४१ मध्ये त्याने अल्तिएरो स्पिनेल्लीबरोबर संयुक्त युरोपचा जाहीरनामा लिहिला. एइनाउदी १९४८ मध्ये इटलीचे राष्ट्रपती झाले. १९३१ मध्ये सरकारने प्राध्यापकांकडून फासिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली तेव्हा बाराशेच्या वर प्राध्यापकांपैकी जेमतेम डझनभरांनी नकार दिला. एइनाउदींनी शपथ घेतली होती. त्यांना भित्रं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, कारण आत राहूनच त्यांनी रोस्सीसारख्यांना आधार दिला. पण आंजेलो स्राफांची तारेला दिलेली ती दोन ओळींची हिंमत वेगळीच.

मेघना_क

इथे आपल्याकडचा एक दुवा सांगायलाच हवा. स्राफाच्या पुस्तकावरचं जगातलं एक अत्यंत मार्मिक परीक्षण मुंबईतून निघालं. कृष्णा भारद्वाज, कारवारला जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठात घडलेल्या. त्यांनी २४ ऑगस्ट १९६३ च्या 'इकॉनॉमिक वीकली'त ते लिहिलं. हे साप्ताहिक सचिन चौधुरी मुंबईतून चालवत, त्याचंच पुढे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' झालं. परीक्षणाच्या शीर्षकातच त्यांनी नेमका मुद्दा पकडला होता की वाटणी बाहेरून ठरते आणि मूल्य त्यातून निघतं, म्हणजे वर रानवारा यांनी विचारलं तेच. तिशीच्या आतल्या एका बाईने, त्या विद्वानांच्या वर्तुळाबाहेर बसून, फक्त पुस्तक नीट वाचून हे लिहिलं होतं. केंब्रिजमध्ये त्याची दखल घेतली गेली, पुढे त्या तिथे गेल्या, आणि स्राफाच्या कामाच्या अधिकारी अभ्यासक ठरल्या. अर्थशास्त्राच्या मराठी विद्यार्थ्यांना हे परीक्षण वाचायला लावलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

अमर्त्य सेनही केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात स्राफाच्या देखरेखीखाली शिकले. स्राफा, ग्रामची आणि केंब्रिजमधला तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइन या तिघांवर त्यांचा एक सुंदर लेख आहे.

तळटीप

मेघनाताई, दुव्याबद्दल आभार. विट्गेनश्टाइनचं तर स्वतंत्र धाग्याचं प्रकरण. 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' या पुस्तकाच्या १९४५ च्या प्रस्तावनेत त्याने म्हटलंय की आपल्या या पुस्तकातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कल्पना स्राफाच्या अनेक वर्षांच्या टीकेमुळे सुचल्या. ग्रामचीशी पत्रातून आणि विट्गेनश्टाइनशी समोरासमोर, असे वाद हा माणूस एकाच काळात घालत होता.

आता जुना वाचक यांच्या आक्षेपाकडे. समीकरणं आधीची, हे मान्यच आहे. मी बोट ठेवतोय ते समीकरणं आणि पुस्तक यांच्या मधल्या तीस वर्षांवर. त्यातली बरीचशी स्राफाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा इंग्रज अर्थतज्ज्ञ रिकार्डो याच्या लेखनाच्या संपादनात घालवली. १९३० मध्ये रॉयल इकॉनॉमिक सोसायटीने ते काम त्याच्याकडे दिलं. ३० मे १९३२ च्या पत्रात ग्रामची तातियानामार्फत पिएरोला विचारतो: रिकार्डोचं महत्त्व फक्त अर्थशास्त्रापुरतं आहे, की तत्त्वज्ञानाच्या इतिहासातही त्याला जागा आहे? 'समजा असं असेल, तर तसं होईल' ही त्याची पद्धत, विशिष्ट परिस्थितीतला बाजार, कल म्हणून दिसणारे नियम, यांतून मार्क्सपर्यंत काही पोचलं का? तुरुंगाच्या कोठडीत, हाताशी रिकार्डोचं एकही पान नसेल अशा अवस्थेत, हा प्रश्न.

२१ जूनच्या उत्तरात स्राफा सावध आहे. रिकार्डो शेअर दलाल, शिक्षण बेताचं, तत्त्वज्ञानाच्या वाटेला तो स्वतः कधी गेला नाही. त्याच्या विचारात बाहेरून काही आलं असेल तर ते निसर्गविज्ञानातून. आणि तुझ्या या दोन कल्पना तू आणखी उलगडून सांग. वरवर हे कोरडं वाटतं. पण ज्याच्या टेबलावर रिकार्डोची सगळी कागदपत्रं पडलेली आहेत, तो आवडत्या मित्रालासुद्धा पुराव्यापेक्षा एक अक्षर जास्त देत नाही. विचारावर परिणाम दाखवा म्हणालात, तर मी इथे दाखवीन. एखाद्या विचाराबद्दल कागदावर काय आहे आणि काय नाही, आणि नसलेलं किती धरायचं, हा त्याच्या त्या दहा वर्षांतला रोजचा प्रश्न होता.

१९४३ मध्ये रिकार्डोचे खंड छापायला तयार असताना डब्लिनजवळच्या एका घरात कुलूपबंद पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात रिकार्डोने त्याचा मित्र जेम्स मिल याला लिहिलेली पत्रं. स्राफाने जुळवलेलं काम मोडून पुन्हा मांडलं. १९५१ पासून खंड यायला लागले आणि १९५५ पर्यंत दहा झाले. त्यांतले चार केवळ पत्रांचे. नुसती सूची असलेला अकरावा १९७३ मध्ये.

जुना वाचक

हे पटण्यासारखं आहे, आणि माझ्याकडून त्यात एक जोड.

पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत स्राफाने रिकार्डोच्या सुरुवातीच्या नफा-सिद्धांताची फेरमांडणी केली. शेतीत धान्य घालायचं आणि धान्यच काढायचं, मजुरीही धान्यात. मग नफ्याचा दर भावांचा विचार न करता थेट धान्यातच काढता येतो, आणि बाकीच्या धंद्यांना त्या दराशी जुळवून घ्यावं लागतं. गंमत म्हणजे हा युक्तिवाद रिकार्डोच्या उपलब्ध पत्रांत किंवा लेखांत कुठेही या शब्दांत नाही, हे स्राफा तिथेच सांगून टाकतो. १८१४ च्या हरवलेल्या टिपणात किंवा रिकार्डोचा समकालीन अर्थतज्ज्ञ मॅल्थस याच्याशी झालेल्या बोलण्यात तो असलाच पाहिजे, असं अनुमान तो मॅल्थसच्या आक्षेपावरून काढतो. समोरच्याच्या उत्तरावरून मूळ वाक्य ओळखायचं, तसं. सॅम्युअल हॉलंडर यांनी १९७३ मध्ये हे अनुमान साफ फेटाळलं आणि त्यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला.

मी स्वतः स्राफाच्या बाजूचा आहे, पण हॉलंडर यांचा आक्षेप पोकळ नाही. ज्यांना तपासून पाहायचं आहे त्यांनी सहावा खंड काढावा, १८१४ च्या उन्हाळ्यातली रिकार्डो आणि मॅल्थस यांची पत्रं लागोपाठ वाचावीत, आणि मगच प्रस्तावनेकडे यावं.